वरच्या ठाण्याला धाडलेली चटणी

बयाबाई उलपेचं निम्मं आयुष्य फौजेच्या पत्त्यावर गेलं. लग्न होऊन ती कोडोलीहून कसबा बावड्यात आली तेव्हा नवरा पलटणीत होता. तो हवालदार होऊन, पेन्शन घेऊन घरी बसला आणि काही वर्षांतच पोरगा भरती झाला. नवऱ्याची ठाणी बदलली, पोराची ठाणी बदलली, पण पाकिटावरची शेवटची ओळ तीच राहिली: द्वारा ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं डाकघर. माणूस कुठल्या डोंगरावर आहे, कुठल्या रानात आहे, ते त्या ओळीतनं कळत नाही. नवी नवरी असताना बयाबाईला वाटायचं, एपीओ हे एखादं गावच असेल. "त्येचा तालुका कंचा वो?" असं तिनं एकदा नवऱ्याला विचारलं होतं. ज्ञानू हवालदार ती गोष्ट अजून पारावर सांगायचा.

पोराचं नाव राजवीर. उशिरानं झालेलं, एकुलतं एक. अठरावं सरलं तसा भरतीच्या मैदानावर पळाला आणि गेला. तेव्हापासून वर्षाकाठी एकदा-दोनदा घरी यायचा, झोपायचा, जेवायचा, दोस्तांत जायचा आणि परत जायचा. बयाबाईच्या हातात काय राहिलं, तर पार्सल. ते मात्र तिनं कधी चुकवलं नाही.

पार्सलाचा मान चटणीचा. उन्हाळ्याच्या तोंडाला ती लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं स्वतः पारखून संकेश्वरी मिरची आणायची, गच्चीवर वाळवायची, कांदा-लसूण-खोबरं भाजून डंकावर कुटून आणायची. मिरची भाजायच्या दिवशी गल्ली शिंकून बेजार व्हायची, पण तक्रार कुणी करत नव्हतं. फौजेत जाणारी चटणी होती ती. स्टीलच्या डब्यात ती दाबून भरायची, झाकणाला चिकटपट्टी, मग भडंग, गूळ, तिळाच्या वड्या, लोकरीचे मोजे. सगळं खोक्यात घालून वरनं मांजरपाट शिवायचा. पत्ता ज्ञानू घालायचा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, एकेक अक्षर सुटं, परेडला उभं केल्यासारखं.

राजवीरचं लग्न झालं ते एप्रिलमध्ये. मुलगी कबनूरची, संयोगिता. बापाचे चार माग होते, त्यांच्या खडखडाटात ती लहानाची मोठी झालेली. सासरी पहिल्या रात्रींना तिला झोप येईना, कारण इथं फार शांत वाटतं, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मलाही इथं झोप लागत नाही, मग आपण बोलत बसू. दोघांचं बोलणं असं कुठं सुरू होतंय तोवर सीमेवर गडबड झाली, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. पाहुण्यांकडची जेवणं राहिली, जोतिबाला जाऊन यायचं राहिलं. हातावरची मेंदी अजून लाल असताना संयोगितानं नवऱ्याची पेटी भरली. पावसाळा संपता संपता त्याची तुकडी उंचावरच्या एका ठाण्यावर गेली. तिथं फोन लागत नव्हता. कधीतरी खास फोनवरनं दोन मिनिटं बोलणं व्हायचं, ते निम्मं "ऐकू येतंय का" यातच सरायचं. मग पत्रं. मोबाइल हातात घेऊन वाढलेली पोरगी कागदावर पत्र लिहायला शिकली ती अशी.

सुनेचं पहिलं पार्सल बयाबाईला आठवतं. संयोगितानं इचलकरंजीहून चांगली चॉकलेटं आणली होती, ती खोक्यात ठेवायला गेली. बयाबाईनं ती उचलून बाजूला ठेवली.

"त्येला न्हाई आवडत ह्ये."

"पण त्यांनी मला..." संयोगिता बोलायला लागली आणि थांबली.

"मी आई हाय त्येची. तिखट असलं की पोरगं माझं जेवतंय. बारका असताना कोरड्या भाकरीवर चटणी आन तेल घालून दिलं की ताटातनं उठायचा न्हाई."

संयोगितानं चॉकलेटं पुन्हा पिशवीत ठेवली. बयाबाईचा तिच्यावर राग नव्हता. तिला एवढंच वाटायचं, ह्या पोरीला अजून काय ठाऊक, काल तर आली.

राजवीरची पत्रं एका पाकिटात दोन यायची. एक आईवडिलांना, उघडं. एक बायकोला, घडी घालून डिंकानं चिकटवलेलं. उघडं पत्र ज्ञानू मोठ्यानं वाचायचा. "चटणी पोचली. झकास झाली होती. सगळी खूश." बयाबाई ते पत्र पुन्हा एकटीनं, अक्षरावर बोट ठेवत वाचायची. घडीचं पत्र घेऊन संयोगिता गच्चीवर जायची आणि बऱ्याच वेळानं खाली यायची. त्यात काय असतं ते बयाबाईनं कधी विचारलं नाही. पण सून जिना चढायला लागली की तिची पाठमोरी आकृती बयाबाई बघत राहायची. आपल्याला चार ओळी आणि तिला चार पानं. रीतच आहे ती, असं मनाला सांगायची, आणि मन ऐकायचं नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, दोन्ही वेळेला डबा गेला. मार्चमध्ये एका दुपारी गच्चीवर मिरच्या पसरून ती खाली उतरली तर दारात एक पोरगा उभा. केस बारीक कापलेले, गालाची कातडी उन्हाबर्फानं काळी पडून सोललेली. चेहऱ्यावरनंच कळलं कुठनं आलाय ते.

"मावशी, मी अरीब. राजवीरदादांच्या तुकडीतला. गाव आमचं इचलकरंजीच्या पल्याड. सुट्टीवर आलोय, म्हटलं दादांच्या घरी जाऊन यावं."

बयाबाईला काय करू आणि काय नको असं झालं. त्याला बसवलं, पाणी दिलं, ज्ञानूला हाक मारली, संयोगिताला चहा टाकायला सांगितलं. मग तिनं त्याला प्रश्नांवर धरलं. पोर बारीक झालंय का, झोपायला काय हाय, हात-पाय गार पडत्यात का. अरीब सावकाश उत्तरं देत होता. मध्येच त्याला मिरचीचा वास आला.

"ह्याच मिरचीची का ती चटणी? मावशी, तुमच्या चटणीवर अख्खा हिवाळा काढलाय मी. फौजेचं डबाबंद खाऊन तोंड मेलं हुतं. राजवीरदादा तर हात लावत न्हाईत, डॉक्टरनं बंद केलंय की. सगळी माझ्याच पानात."

ज्ञानूनं कप खाली ठेवला. आत स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला.

"काय बंद केलंय?" बयाबाईनं विचारलं.

अरीबनं एकदा ज्ञानूकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो हे त्याच्या ध्यानात आलं, पण शब्द परत घेता येत नव्हता.

"तसं काळजीचं न्हाई, मावशी. ऑक्टोबरात त्यांच्या पोटात लई दुखायला लागलतं. खाली दवाखान्यात नेलं तर अल्सर निघाला. औषध झालं, आता बरं हायत. फकस्त तिखट वर्ज्य."

"आन डबा?"

"डबा आला की पयला बुखारीपाशी ठेवत्यात. रॉकेलची शेगडी असती ती. तिथं थंडीनं वासबी मरतोय, मावशी. डब्याला जरा ऊब लागली की झाकण काढत्यात, वास घेत्यात, आन मग माझ्याकडं सरकवत्यात. खा मर्दा, आईच्या हातची हाय, म्हणत्यात."

बयाबाईनं अरीबला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी केली, आमटी केली, जाताना त्याच्या आईसाठी गुळाची ढेप बांधून दिली. तोंडावर काही दिसू दिलं नाही. तो गल्लीच्या टोकाला वळला तशी ती आत आली. संयोगिता ओट्यापाशी उभी होती.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय, आत्या."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. त्यांनी शपथ घातली होती. आई घाबरेल म्हणाले. आणि चटणी धाडायची बंद करेल म्हणाले."

"म्हंजे संक्रांतीला मी डबा भरत हुतो तवा तुला ठावं हुतं." बयाबाई हळू बोलत होती. "झाकणावर चिकटपट्टी तूच लावलीस."

"लावली," संयोगिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

त्यानंतर बयाबाई बोलायची बंद झाली असं नाही. दूध आलं का, भाजी काय करायची, एवढं बोलायची. पण गच्चीवर गेली नाही. मिरच्या वाळून कडकडीत झाल्या, वाऱ्यानं बिया उडायला लागल्या, तरी ती चढली नाही. शेजारणीनं विचारलं, औंदा डंकाला कवा जायाचं? बयाबाई म्हणाली, बघू.

चटणी पोरानं खाल्ली नाही ह्याचं तिला तेवढं काही वाटलं नव्हतं. सलत होतं ते वेगळंच. त्याच्या पोटात दुखत होतं तेव्हा ती इकडं तिळाच्या वड्या थापत होती. कुणी त्याला दवाखान्यात नेलं, कुणी उशाशी बसलं, हे एका परक्या पोराच्या तोंडून, चहा पिता पिता तिला कळलं. आपल्याला पोराचं सगळं ठाऊक आहे ह्या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं उभी होती, आणि ती गोष्ट खरी नव्हती.

एका संध्याकाळी गच्चीवरनं शिंकांवर शिंका ऐकू आल्या. बयाबाई चढून बघते तर ज्ञानू मिरच्या गोळा करून पोत्यात भरत होता. साठी ओलांडलेला माणूस, नाकाला उपरणं बांधून.

"ठेवा वो ते. कुणासाठी कुटायची हाय?" बयाबाई म्हणाली.

ज्ञानू कठड्याला टेकून बसला. बराच वेळ शिंक जिरवत राहिला. मग म्हणाला, "बया, मी नागालँडला असताना तू डिंकाचं लाडू धाडायचीस, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं?"

"त्यातला एकबी मी खाल्ला न्हाई."

बयाबाई दोन पावलं पुढं आली.

"पार्सलातलं कुणी एकटं खात नसतंय. ज्याचं पार्सल त्येनं फोडायचं, सगळ्यांस्नी वाटायचं, आन शेवटी आपुन घ्यायचं, अशी रीत. शेवटापतोर लाडू कवा उरलाच न्हाई."

"मग तवा का सांगितलं न्हाईसा? जास्ती धाडलं असतं की."

"जास्ती धाडलं असतंस तर जास्ती हात आलं असतं." ज्ञानू हसला. मग गंभीर झाला. "मला लाडू खायाचाच न्हवता, बया. डाक आली की सगळी गोळा व्हायची. एकेकाचं नाव पुकारायचं. माझं नाव पुकारलं की खोकं हातात यायचं, त्येच्यावर तुझ्या हातची शिवण. तेवढं बघायचं असायचं. ज्येचं नाव पुकारलं जायचं न्हाई त्येचं तोंड मी बघितलंय. राजूनं सांगितलं असतं तर तू डबा बंद केला असतास. त्येला ते भ्या."

"बंद कशाला करीन? दुसरं कायतरी धाडलं असतं."

"मग तसं कळव त्येला."

"तुमी बापल्योकांनी मिळून मला चांगलंच येडं केलंसा," बयाबाई म्हणाली, आणि पोत्याचं तोंड धरायला खाली वाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती संयोगिताच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सून पत्रच लिहीत बसली होती. तिनं घाईनं कागद झाकला.

"झाकू नग. मला तुझं वाचायचं न्हाई. एक कागद दे आन पेन दे."

"मी लिहू का आत्या, तुम्ही सांगा."

"न्हाई. ह्यावेळी मी लिवतो."

बयाबाई कोडोलीत चौथीपर्यंत शिकली होती. वाचायला यायचं, पण लिहायची वेळ तिच्यावर आली नव्हती. तरणी असताना दीर लिहायचा, पुढं ज्ञानू घरी आल्यावर ज्ञानू. तिच्या मनातलं कायम दुसऱ्याच्या अक्षरात गेलं होतं, आणि दुसऱ्याकडनं लिहून घ्यायचं म्हणजे सगळं सांगता येत नाही. म्हणून "इकडील सर्व ठीक आहे" एवढंच जायचं. ती दुपारभर लिहीत बसली. संयोगिता शेजारी नुसती बसून राहिली, विचारलं तरच एखादं जोडाक्षर सांगायची.

पत्र लहानच झालं. तिनं लिहिलं होतं:

"राजू, अरीब आलता. पोर गुणाचं हाय. त्येच्याकडनं तुझ्या पोटाचं कळलं. संयोगिताला बोल लावू नग, तिनं शब्द पाळला. मीबी तुझ्यावर रागावलो न्हाई. रागावलो हुतो, आता न्हाई. तू अठराचा हुतास तवा गेलास. त्येच्या आधीचं सगळं मला ठावं हाय. त्येच्या नंतरचं न्हाई. आता तुला काय चालतं, काय आवडतं, ते लिव. लपवू नग. तुझी आई."

त्या पार्सलात नवी चटणी होती. डब्यावर तिनं संयोगिताला नाव घालायला लावलं, "अरीबसाठी." आणि पिशवीत पडून मऊ झालेली ती जुनी चॉकलेटं काढून टाकून संयोगितानं नवी आणली, ती बयाबाईनं आपल्या हातानं मोज्यांच्या घडीत ठेवली.

उत्तर यायला खूप उशीर लागला. वर हवा खराब होती, हेलिकॉप्टर जात नव्हतं, असं मागनं कळलं. त्या दिवसांत सासू-सून दोघी पोस्टमनच्या सायकलकडं कान लावून असायच्या, आणि दोघीही तसं दाखवत नव्हत्या. सायकल पुढं गेली की एकजण म्हणायची, चहा टाकू का. पूर्वी ही वाट बघणं बयाबाई एकटीच करायची. आता घरात अजून कुणीतरी तेच करतंय, ह्याचा तिला आधार वाटायला लागला.

शेवटी पाकीट आलं. ह्या वेळी आईचंही पत्र घडी घालून चिकटवलेलं होतं, वर लिहिलेलं, "फक्त आईसाठी." ज्ञानूनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि मुकाट्यानं तिच्याकडं दिलं. बयाबाई पत्र घेऊन गच्चीवर गेली.

राजवीरनं लिहिलं होतं, "आई, तुझं अक्षर पहिल्यांदा बघितलं. चारदा वाचलं. पोट आता बरं आहे. नाचणीचं पीठ धाड, आंबील करून पिता येईल. अरीबची चटणी बंद करू नको, नाहीतर तो माझं डोकं खाईल. तू विचारलंस मला काय आवडतं. ते लिहायला बसलो आणि ध्यानात आलं की तुला काय आवडतं हे मला माहीतच नाही. इथं रात्र लांब असते, मी आठवून बघितलं. आम्ही जेवल्यावर उरेल ते तू खायचीस. साडी बाबा आणतील ती नेसायचीस. तुला काय आवडतं, आई? खरं लिही."

खाली येऊन बयाबाईनं नाचणी दळायला टाकली, पीठ चाळलं, पिशवीत भरलं. पण उत्तर लिहायला बसली की पेन चालायचं नाही. संयोगितानं विचारलं, गोड आवडतं का तुम्हाला? ज्ञानू म्हणाला, चहा लिव की, चहा आवडतोय तुला. तसं नव्हे, असं ती म्हणायची, पण मग कसं, ते तिलाही सांगता येत नव्हतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. भांडी घासता घासता ती मध्येच थांबायची. कधी काही आठवायचं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी आवडीचं निघायचं.

मग एका सकाळी तिनं उत्तर लिहिलं, आणि पाकीट चिकटवायच्या आधी संयोगिताला वाचायला दिलं.

"राजू, मला पवायला आवडतं. कोडोलीला वारणाकाठी आमचं रान हुतं. भावांच्या संगं मी ह्या काठावरनं त्या काठाला जायचो. म्हशीची शेपटी न धरता. लगीन झाल्यावर कवा पाण्यात शिरलो न्हाई."

संयोगितानं वाचून मान वर केली. "आत्या, तुम्हाला पोहता येतं?"

"येत हुतं. आता काय सांगावं."

राजाराम बंधारा घरापासनं काही लांब नाही. निम्मं बावडं तिथं पोहायला शिकलं. राजवीरसुद्धा तिथंच शिकला. तेव्हा बयाबाई काठावर त्याचे कपडे सांभाळत उभी असायची आणि पंचगंगेच्या पाण्याकडं बघत असायची.

त्या वर्षी राजवीरची सुट्टी दोनदा ठरली आणि दोनदा पुढं गेली. गणपतीला येतो म्हणाला, गणपती गेले. दिवाळीला येतो म्हणाला, बयाबाईनं बिनतिखटाच्या चकल्या केल्या, त्या मऊ पडल्या. संयोगिता लग्नातला शालू काढून ठेवायची आणि परत कपाटात ठेवायची. एकदा तो ठेवताना ती कपाटाच्या दाराआड जरा जास्तच वेळ राहिली. बयाबाईनं दार ढकललं नाही. बाहेरनंच म्हणाली, "पोरी, मी ह्या घरात असंच केलंय. नुसती घडी घालून ठेवू नग, मधी एकदा नेस. त्येच्यासाठी न्हाई, अशीच नेस." दुसऱ्या दिवशी दोघी अंबाबाईच्या देवळात गेल्या, तेव्हा संयोगितानं तो शालू नेसला होता.

राजवीर आला तो ऊसतोड सुरू झाल्यावर. वाळला होता, कानामागं केस पांढरे झाले होते. वय तिशीच्या आतलं. बयाबाईनं त्याला नुसतं बघून घेतलं. घरातली आमटी फिकी झाली, सगळ्यांचीच. ज्ञानू चार दिवस काही बोलला नाही, पाचव्या दिवशी गुपचूप शेजारच्या घरी जाऊन चटणी-भाकरी खाऊन आला.

संयोगिता आणि राजवीर पहिले दोन दिवस परक्यासारखे वागत होते. पत्रात जे इतकं बोलले होते ते समोरासमोर बोलायला त्यांना सुचत नव्हतं. मग तिसऱ्या दिवशी कबनूरला जाऊन आले. मागांच्या आवाजात तिथं तो दुपारभर गाढ झोपला, असं संयोगितानं सासूला हसत सांगितलं.

सुट्टी संपत आली तसा तो एकदा सकाळी म्हणाला, "आई, चल, कोडोलीला जाऊ. गाडी काढतो."

"कशाला?"

"मामाच्या रानात. वारणेला पाणी किती हाय बघू."

बयाबाई नको नको म्हणत मोटरसायकलवर मागं बसली. मामाच्या रानात ऊस उभा होता, पलीकडं नदी संथ होती. काठाला माणूस नव्हतं. ती पदर खोचून घोट्यापर्यंत उतरली, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग मागं न बघता पाण्यात शिरली. चार-सहा हात मारले असतील. दम लागला, लुगडं जड झालं, पण ती उलटी होऊन पाण्यावर पडून राहिली, कान बुडालेले, तोंड आभाळाकडं. राजवीर काठावर उभा होता. इतकी वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण त्याच्या जिवात जीव नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा कुडकुडत होती. त्यानं आपलं जर्किन तिच्या अंगावर घातलं.

"बंधाऱ्यावर मला शिकवायला काकांना धाडलंस. तुलाच येत हुतं तर तू का न्हाई शिकवलंस?"

"बायका कुठं उतरत हुत्या तवा?" ती म्हणाली. मग जर्किन आवळून घेत म्हणाली, "तिथं तुला भ्या वाटतंय का रं, राजू?"

तो म्हणाला, "वाटतंय कधी कधी. बर्फाचं जास्ती. रात्री कड्याकडनं आवाज येतोय. मग आम्ही बोलत बसतो. अरीब त्याच्या आईचं सांगतो, मी तुझं सांगतो. औंदा सांगायला नवं मिळालंय."

निघायच्या दिवशी सगळी कोल्हापूर स्टेशनवर गेली. राजवीरच्या पिशवीत नाचणीचं पीठ होतं, अरीबचा डबा होता. गाडी लागली. ज्ञानूनं पोराच्या पाठीवर थाप मारली आणि तोंड वळवलं. संयोगिता खिडकीपाशी उभी होती, गजाला धरून. आत राजवीर बसला होता.

बयाबाईनं सुनेच्या दंडाला हात लावला. "चढ."

"काय आत्या?"

"मिरजेपतोर जा त्येच्यासंगं. तिथनं परतीची गाडी मिळती. मी तिकीट काढून ठेवलंय." तिनं पदराच्या गाठीतनं चुरगळलेलं तिकीट सोडवून संयोगिताच्या हातावर ठेवलं. "चढ लवकर, सुटंल."

संयोगिता चटकन वाकून तिच्या पाया पडली आणि चढली. राजवीरनं दारात येऊन तिला वर घेतलं. तो आईला काहीतरी म्हणाला, पण तेवढ्यात भोंगा वाजला आणि ते ऐकू आलं नाही. बयाबाईनं मान हलवली, ऐकू आल्यासारखी.

गाडी फलाटातनं निघून गेली. ज्ञानू म्हणाला, "चल, रिक्षा बघू."

"जरा थांबा वो," बयाबाई म्हणाली आणि फलाटावरच्या बाकावर टेकली. आता रुकडी येईल, मग हातकणंगले, मग जयसिंगपूर. मिरजेपर्यंत तरी दोघं संगं आहेत. मिरज येऊन जाईल एवढा वेळ ती तिथंच बसून राहिली, आणि ज्ञानू तिच्या शेजारी.